जपानी चित्रकथेतले बंबवाले





दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीच्या वर्गात 'फायर फोर्स' नावाची जपानी चित्रकथा हातोहाती फिरू लागली. एके दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलाने बुटाच्या टाचेला कापूर लावून पेटवायचा प्रयत्न केला. शिक्षकांनी वेळीच पाहिले म्हणून निभावले. मग एका पालकांनी या पुस्तकावर बंदी घाला असे पत्र दिले, आणि मुलांनी ते वाचनालयात ठेवा म्हणून सह्यांचा अर्ज आणला. तेव्हा पहिले काही खंड आम्ही स्वतः वाचायला घेतले.

जपानमध्ये चित्रकथेला 'मांगा' म्हणतात. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. अत्सुशी ओकुबो यांची ही कथा २०१५ ते २०२२ या काळात एका साप्ताहिकात क्रमशः आली व तिचे ३४ खंड झाले. हिच्यात चालतीबोलती माणसे अचानक पेटून राक्षसासारखी होतात आणि त्यांना शांत करायला खास अग्निशमन दले असतात. नायक शिनरा याच्या पायांतून ज्वाळा निघतात. लहानपणी घराला आग लागली, आई व धाकटा भाऊ त्याने गमावले आणि लोकांनी दोष त्यालाच दिला. तरीही लोकांना वाचवायचेच, असे तो ठरवतो.

आवडले ते आधी सांगतो. दलाचे कप्तान ओबी यांच्याकडे कोणतीच अद्भुत शक्ती नाही. व्यायाम, साधने आणि सहकाऱ्यांवरचा विश्वास एवढ्या बळावर ते पुढे उभे राहतात. पेटलेल्या माणसाला संपवण्यापूर्वी हे दल त्याच्यासाठी प्रार्थना करते, कारण तोही कुणाचा तरी आप्त होता. आसाकुसा भागातले एक दल जुन्या एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, बंबवाल्यांवर बेतलेले आहे. लाकडी घरांच्या त्या शहरात आग पसरू नये म्हणून हे लोक आजूबाजूची घरेच पाडून टाकत.

खटकलेही बरेच. मुलींची चित्रे काही ठिकाणी इतकी उथळ आहेत की आठवीच्या मुलांच्या हाती ती द्यावीशी वाटत नाहीत. शिवाय आग विझवण्याचे काम हळूहळू मागे पडते आणि आग हेच हत्यार होते. कापराचा प्रकार त्यातूनच घडला.

खऱ्या आगीपुढे कथाही थांबते. १८ जुलै २०१९ रोजी क्योटो शहरातल्या एका ॲनिमेशन संस्थेला कुणीतरी आग लावली आणि ३६ माणसे गेली. 'फायर फोर्स'ची टीव्ही मालिका दुसऱ्या संस्थेची होती, तरी दुसऱ्याच दिवशीचा भाग पुढे ढकलण्यात आला.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. बंबवाले विझवत असतानाच स्फोट झाला आणि ६६ जवान कामावर गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. आपल्या इंदूरला तर दूर जायलाच नको. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत त्याचा मागचा भाग जळाला. ते आठवणारे आजी-आजोबा तुमच्या घरी असतील, त्यांना जरूर विचारा.

मुलांनो, खऱ्या आगीत ज्वाळेइतकाच, पुष्कळदा जास्तच, घात धूर करतो. धूर वर जातो म्हणून खाली वाकून, रांगत बाहेर पडावे. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावे. कढईतले तेल पेटले तर पाणी टाकू नये. गॅस बंद करून झाकण ठेवावे. विजेच्या आगीवरही पाणी नको. आधी बाहेर पडा, मग १०१ किंवा ११२ वर दमकल बोलवा. वस्तू आणायला परत आत जाऊ नका. आत जाणे हे दमकलच्या जवानांचे काम आहे, आणि तेही एकटे जात नाहीत.

आता निर्णय. बंदी घातली तर पुस्तक दप्तरात लपून वाचले जाईल, म्हणून बंदी नाही. हे खंड वाचनालयात फक्त नववीपासून पुढच्यांना, पालकांच्या चिठ्ठीवर मिळतील. आठवीच्या मुलांकडचे खंड त्यांच्या पालकांकडे देत आहोत. पालकांनी एकदा ते चाळावेत आणि मुलांशी बोलावे, ही विनंती. १४ एप्रिलला दमकलच्या जवानांना शाळेत बोलवायचा विचार आहे, विश्वस्त मंडळाने त्यास मान्यता द्यावी.

तो कापूरवाला मुलगा आता आम्हाला रोज भेटतो. शिनरा व्हायचे त्याच्या मनात अजून आहेच. आधी ओबी हो, असे आम्ही त्याला सांगितले आहे.