पंप लावण्याआधी

पायाचा खड्डा बारा-पंधरा फुटांवर गेला आणि कोपऱ्यातून पाणी पाझरू लागलं, की साइटवर पहिली हाक ठरलेली: पंप आणा! पुण्या-नाशिकच्या काळ्या पाषाणात बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. भेगांतून येणारं पाणी उतार काढून एका खळग्यात वळवायचं, उपसत राहायचं आणि काम पुढे रेटायचं. कातळ काही जागचा हलत नाही.

वाळू आणि गाळ मात्र हलतात. तिथे पाइपातून पडणारं पाणी निवळ आहे की गढूळ, यावर नजर ठेवणारा माणूस पंपाइतकाच मोलाचा. गढूळ पाणी म्हणजे शेजारच्या घराखालची जमीन पाइपावाटे निघून चाललेली. पाणी निवळ असलं तरी धोका टळत नाही. पातळी उतरली की आजवर पाण्याने पेललेला भार मातीच्या कणांवर येतो, मऊ थर दबतात आणि वरच्या भिंतींना तडे जातात. म्हणून अशा जमिनीत भोवताली गाळणीच्या बोअर घेऊन पातळी हळूहळू उतरवतात, किंवा पोलादी पत्र्यांची भिंत ठोकून पाणी बाहेरच अडवतात.

कोलकात्यात ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मेट्रोचा बोगदा खणणारं ‘चंडी’ यंत्र बऊबाजारच्या गल्ल्यांखाली भूजलाच्या थरात शिरलं. पाणी आणि गाळ बोगद्यात घुसला, वरची जुनी घरं खचली, काही कोसळली, शेकडो रहिवाशांना घरं सोडावी लागली. तेव्हा अभियंत्यांनी केलेला उपाय ऐकायला उफराटा वाटतो: बोगद्यातच पाणी भरलं. आतला दाब बाहेरच्या दाबाला भिडला, की गाळाची धाव थांबते.

ही युक्ती शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका माणसाच्या हातांनी पार पडली होती. विंचेस्टर कॅथीड्रलचा पूर्वेकडचा भाग तेराव्या शतकात दलदलीच्या जमिनीवर, लाकडी ओंडक्यांच्या थरावर उभारला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंती कलल्या, भेगा रुंदावल्या. आधार द्यायला खणावं, तर खड्डे पाण्याने भरत. जोरात उपसावं, तर उरलासुरला आधारही निघून जायचा. अभियंता फ्रान्सिस फॉक्स याने मग पाणबुड्या बोलावला: विल्यम वॉकर.

१९०६ पासून जवळपास सहा वर्षं वॉकर जडशीळ पोशाख चढवून सहा मीटरपर्यंत खोल पाण्यात उतरत होता. पाणी इतकं गढूळ, की दिव्याचा उपयोग नाही; सगळं काम चाचपडत. मऊ माती काढायची, खालच्या खडीवर काँक्रीटच्या गोण्या अंथरून तळ बंद करायचा. तळ पक्का झाला की मगच पंप सुरू होई आणि कोरड्या खड्ड्यात गवंडी उतरत. असे सुमारे २३५ खड्डे, पंचवीस हजारांवर गोण्या, नऊ लाख विटा. पंप हवाच होता. फक्त त्याची पाळी पाणबुड्यानंतर होती.

कॅथीड्रल आजही उभं आहे. वॉकरचा छोटा पुतळाही तिथे बसवला, पण शिल्पकाराने चुकून चेहरा कोरला तो फॉक्सचा. ती चूक २००१ मध्ये नवा पुतळा बसवून दुरुस्त झाली.