नवा क्लच आणि पायाखालचे पेडल

घरातली मोटार दोघेही चालवतात, पण गॅरेजशी बोलणे मात्र बहुधा ‘ह्यांच्या’कडेच असते. क्लच बदलण्यासारखे मोठे काम असेल तर विचारायलाच नको. गाडी घरी येते, बिल चुकते होते, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना शिकवणीला सोडायला निघालेल्या बाईच्या पायाला कळते की पेडल काही बरोबर नाही. कधी ते पार तळाला टेकवावे लागते, कधी दगडासारखे घट्ट लागते, तर कधी रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो. गॅरेजात विचारावे तर उत्तर ठरलेले : “नवा क्लच आहे ताई, बसेल हळूहळू!”

काही गोष्टी खरोखरच बसतात. काही मात्र बसत नाहीत. उलट, नव्याकोऱ्या क्लचची वाट लावतात. हा फरक ओळखायला इंजिनिअर व्हावे लागत नाही.

शिवणयंत्र वापरणाऱ्या मैत्रिणींना क्लच चांगला ठाऊक आहे. बॉबिन भरताना आपण हातचाकाच्या मधला स्क्रू सैल करतो. चाक फिरत राहते, सुई जागची हलत नाही. स्क्रू आवळला की सुई पुन्हा चाकाबरोबर चालू लागते. मोटारीचा क्लचही हेच करतो. पेडल दाबले की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोड सुटते, सोडले की जुळते. दाबूनही जोड पुरती सुटली नाही तर गिअर करकरतात. सोडूनही पुरती जुळली नाही तर इंजिन नुसतेच ओरडते, गाडी काही वेग घेत नाही. (ज्यांच्या गाडीत दोनच पेडले आहेत त्यांनी खुशाल पान उलटावे.)

सगळ्यात आधी खाली वाकून पाहा. गाडी धुऊन आली की रबरी मॅट पुढे सरकलेली असते, तिची घडी पेडलाखाली अडकते आणि पेडल पुरते दाबलेच जात नाही. हसू नका, असे होते.

मॅट जागेवर असेल तर गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा. गाडीच्या पुढेमागे मूलबाळ नाही ना, ते पाहा. इंजिन चालू करून पेडल तळापर्यंत दाबा, मनात पाच अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. गिअर निमूट पडला तर ठीक. करकरला, किंवा इंजिन बंद असताना सहज पडतो आणि चालू असताना अडतो, तर जोड पुरती सुटत नाही असे समजा.

का सुटत नाही? मारुती ८०० मध्ये (ती १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती) आणि तिच्यासारख्या अनेक लहान गाड्यांत पेडलाचा जोर केबलने क्लचपर्यंत जातो. पेडल हाताने हलकेच दाबून पाहा. सुरुवातीला ते विनाजोर थोडे खाली जाते आणि मग अडते. ह्या मोकळ्या अंतराला मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. तो साधारण दीड ते तीन सेंटिमीटर असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत सापडेल. जुनी प्लेट झिजत गेली तशी केबल वेळोवेळी सैल केलेली असते. आता प्लेट नवी, जाड. आणि केबल तशीच राहिली तर प्ले फार होतो, पेडल खोल जाते, गिअर करकरतात. केबल नीट लावणे हे दहापंधरा मिनिटांचे काम आहे.

उलट प्रकार जास्त वाईट. मिस्त्रीने केबल इतकी ताणली की प्ले उरलाच नाही, तर तुमचा पाय पेडलावर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींना “बसेल” म्हणून परत पाठवले होते. पंधरा दिवसांनी घाटात जळका वास, मागे ट्रकची रांग, आणि गाडी चढेना! प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये असते. ती पाहायची म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा उतरवणे आले, आणि मजुरी पुन्हा पहिल्याइतकीच.

दुसऱ्या कित्येक गाड्यांत केबलऐवजी नळीतले तेल हे काम करते. क्लच बदलताना ती नळी सोडली असेल आणि आत हवा राहिली, तर पेडल मऊ, स्पंजासारखे लागते. दोनचारदा भराभर दाबले की जरा ताठ होते आणि थोड्या वेळाने पुन्हा बसते. उपाय म्हणजे हवा काढून घेणे. हवा काढूनही हेच होत असेल तर कुठेतरी गळती आहे. बॉनेट उघडून तेलाच्या छोट्या टाकीवरची खूण पाहा. तेल त्याखाली उतरत असेल तर गाडी घराबाहेर काढू नका, कारण अनेक गाड्यांत ब्रेकचे तेलही त्याच टाकीतून जाते. त्यात घरातले दुसरे कुठलेही तेल चुकूनही ओतू नये. झाकणावर लिहिलेलेच चालते.

पेडल पूर्वीपेक्षा जड झाले असेल तर तेही मुकाट्याने सोसू नका. नवा क्लच सहसा हलका लागतो. जुनी, आतून झिजलेली केबल तशीच ठेवली असेल किंवा ती वेडीवाकडी बसवली असेल. दाबताच घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा.

मग ‘बसते’ ते काय? गाडी उचलते ती जागा पेडलाच्या वरखाली झालेली असते, तिची पायाला चारसहा दिवसांत सवय होते. निघताना किंचित थरथर असेल तर तीही पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये जाते. तोवर पेडलावर पाय टेकवून गाडी चालवू नये, चढावर हाफ क्लचवर गाडी धरू नये. ती गेली नाही तर प्लेटला तेल किंवा ग्रीस लागले असेल.

आणि गॅरेजात जुने भाग मागून घ्या. ते आपलेच असतात. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही बदलली का, हे बिलाशी ताडून पाहता येते. जुनी प्लेट तेलकट, काळी दिसली तर इंजिनचा किंवा गिअरबॉक्सचा ऑइल सील गळत होता. तो बदलला का, हे गाडी ताब्यात घेण्याआधीच विचारा. नाहीतर नवी प्लेटही त्याच तेलात भिजेल.