अर्धं बटण दाबणाऱ्या जाऊबाई

जुने अल्बम काढून बसलात तर एक गोष्ट लक्षात येईल. घरातल्या बायका दिसतात त्या लग्नात, नाहीतर स्टुडिओत ताठ बसलेल्या. कारण कॅमेरा पुरुषांच्या हातात. ‘फोकस जमायला हवा, बायकांचं काम नाही ते,’ असं आमच्या सोलापूरच्या घरीही ऐकवलं जायचं.

पुढे ते फोकसचं कामच कॅमेऱ्यानं अंगावर घेतलं. १९७७ मध्ये जपानच्या कोनिका कंपनीचा ‘सी ३५ एएफ’ आला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला ऑटोफोकस कॅमेरा. दोन छोट्या खिडक्यांतून दिसणारी चित्रं जुळवून तो अंतर ठरवायचा. १९७९ मध्ये कॅननच्या ‘एएफ ३५ एम’नं त्यासाठी डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण वापरला, म्हणजे कमी उजेडातही फोकस जमू लागला.

आमच्याकडे असा छोटा कॅमेरा दिरांनी १९९१ मध्ये आखातातून आणला. आपोआप सरकणारा रोल, फ्लॅश, सेल्फ टायमर, सगळं होतं. महिनाभरात तो थोरल्या जाऊबाईंचाच झाला. दोघी शेजारी बसल्या की कॅमेरा मधल्या भिंतीवर फोकस धरायचा आणि चेहरे धूसर यायचे. जाऊबाई मला शिकवायच्या, “अगं, आधी एकीचा चेहरा मधोमध घे, बटण अर्धंच दाब. तसंच धरून कॅमेरा बाजूला सरकव, मग पूर्ण दाब!”

रोल ३६ फोटोंचा, त्यामुळे उधळपट्टी नाही. पण त्यांनी काय टिपलं बघा: गड्ड्याच्या यात्रेत बांगड्या भरणारी नणंद, गच्चीवर पापड राखणाऱ्या शेजारणी, शेंगाचटणी कुटणाऱ्या सासूबाई.

२००४ मध्ये सासूबाई गेल्या. भिंतीवर लावायला स्टुडिओतला फोटो होता. जाऊबाईंनी मात्र चटणी कुटतानाचाच मोठा करून आणला. पदर खोचलेला, कपाळावर घाम आणि खळखळून हसू. पाहुण्यांत कुजबुज झाली. जाऊबाई म्हणाल्या, “त्या अशाच होत्या.” विषय संपला.

तुमच्याही कपाटात असा कॅमेरा असेल तर आधी सेल काढा, फुटले तर आतले भाग गंजतात. आत रोल राहिला असण्याची शंका असेल तर मागचं झाकण उघडू नका, उजेड लागून फोटो जातील. आणि निगेटिव्ह टाकू नका. माळ्यावर पत्र्याखाली तापू न देता कोरड्या जागी ठेवा. स्कॅन करून त्यांचे आजही नवे फोटो निघतात. कुणाची तरी आई त्यात हसत असेल.