मोजका माल, नेमके गिऱ्हाईक

शेतमाल पिकविणे जितके कष्टाचे, तितकेच तो योग्य गिऱ्हाइकाच्या हाती पोचविणेही कठीण असते. मोबाइलच्या साहाय्याने खेड्यातील शेतकरी आज आपला माल शहरातील घरापर्यंत थेट विकू शकतो. परंतु जो माल कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो, तो ऑनलाइन विकावयास निघालेल्या लहान शेतकऱ्याचा मोठ्या व्यापाऱ्यांच्या दरापुढे टिकाव लागत नाही. ज्याची मागणी थोडी पण निश्चित आहे व जो अन्यत्र सहजी मिळत नाही, असाच माल त्याने निवडावा.

कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्याचा घनसाळ हा याचा उत्तम नमुना होय. आखूड दाण्याच्या या सुवासिक तांदळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. संकरित व सुधारित जातींच्या मानाने घनसाळचे उत्पादन कमी येते. साहजिकच तो साध्या तांदळाच्या भावाने विकला गेल्यास शेतकऱ्याच्या पदरी तोटाच पडतो.

वाहतुकीचा हिशोब

पार्सलचा खर्च मुख्यत्वे वजनावर व अंतरावर अवलंबून असतो; मालाच्या किमतीवर नव्हे. उदाहरणादाखल समजा, ५ किलो तांदूळ बांधून पाठविण्यास २५० रुपये लागतात. म्हणजे किलोमागे ५० रुपये झाले. साधा तांदूळ ५० रुपये किलो असल्यास तो गिऱ्हाइकास १०० रुपयांना, म्हणजे दुपटीने पडेल. सुवासिक तांदूळ १३० रुपये किलो असल्यास तो १८० रुपयांना पडेल. पहिला कोणी घेणार नाही. दुसरा, सुवासाची आवड असलेला घेईल. प्रत्येकाने या आकड्यांच्या जागी आपल्या गावचे आकडे घालून हा हिशोब आधी मांडावा.

गिऱ्हाईक कसे शोधावे?

पहिले गिऱ्हाईक बहुधा ओळखीतच असते. नोकरी-धंद्यानिमित्त मुंबई-पुण्यास राहिलेल्या गावकऱ्यांना आपल्या मातीतील तांदळाची चव ठाऊक असते. अशा वीस-पंचवीस कुटुंबांची यादी करून प्रत्येकास अर्धा किलोचा नमुना द्यावा, आणि महिन्याला किती लागेल, कोणत्या दराने घ्याल, हे विचारून लिहून ठेवावे. ऑनलाइन दुकानांत हाच माल किती जण विकतात व खरेदीदार कोणत्या तक्रारी नोंदवितात, हेही पाहावे. इतरांच्या मालाविषयीची तक्रार हीच आपली संधी असते. मागणी नोंदविली गेल्यावरच लागवडीचे क्षेत्र ठरवावे. पहिल्या वर्षी सर्व शेत या एकाच आशेवर लावू नये.

माल व विश्वास

भात १२ ते १३ टक्के ओलावा राहीपर्यंत वाळवून साठवावे व मागणीप्रमाणे थोडे थोडे भरडून घ्यावे. विशेषतः हातसडीचा तांदूळ, कोंड्यातील तेलामुळे, फार दिवस ठेवल्यास खवट होतो. अन्नपदार्थ विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये आवश्यक ती नोंदणी करावी. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना व वर्ष आणि विक्रेत्याचा पत्ता स्पष्ट छापावा. मानांकनाचे चिन्ह वापरण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी.

सर्वांत मोठा धोका भेसळीचा आहे. बाजारात ढिगात मिसळलेला तांदूळ कोणाचा, हे कोणी विचारीत नाही. पाकिटावर मात्र शेतकऱ्याचे नाव असते. एकदा फसलेले गिऱ्हाईक स्वतः परत येत नाही, आणि शेजाऱ्यालाही येऊ देत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील आठ-दहा उत्पादकांना एकत्र आणून एकच शुद्ध बियाणे, एकच प्रत व एकच दर यावर त्यांचे एकमत घडवून आणावे. एकाने मिसळ केल्यास दहा जणांची पत जाते, हे त्यांना आरंभीच पटवून द्यावे. ज्या गावी घनसाळ नाही, तेथेही एखादी हळद, ज्वारी वा मिरची अशी असतेच, की जिची आठवण गाव सोडून गेलेली माणसे काढतात. तिच्यापासूनच शोधास आरंभ करावा.