हजार संगणकांचा मुकादम

परीक्षेचा निकाल लागतो त्या दिवशी लाखो विद्यार्थी एकाच वेळी संकेतस्थळ उघडतात. एवढ्यांना उत्तर देणे एका संगणकाला कसे झेपावे? तेथे ‘क्लाऊड’ उपयोगी पडतो. क्लाऊड म्हणजे ढग. पण हा ढग असतो जमिनीवरच! थंड ठेवलेल्या प्रचंड इमारतींत, लोखंडी मांडण्यांवर रचलेले हजारो संगणक म्हणजे हा ढग.

आता थोडे गणित करा. एक संगणक कामाला सज्ज करायला अर्धा तास लागतो असे धरा. हजार संगणकांना ५०० तास, म्हणजे रोज ८ तास राबले तरी ६२ दिवसांहून अधिक. शिवाय कंटाळलेला माणूस चुका करणार, त्या वेगळ्याच. म्हणून हे काम एका संगणकावर सोपवतात. त्याला नियंत्रक सर्व्हर म्हणतात. आपण मुकादम म्हणू या.

क्लाऊड उभारण्यासाठी ‘ओपनस्टॅक’ नावाची मोफत आज्ञावली आहे. अमेरिकेतील ‘नासा’ आणि रॅकस्पेस कंपनी यांनी ती २०१० मध्ये सुरू केली. ती हजारो संगणकांवर बसवायला ‘अ‍ॅन्सिबल’ हे साधन वापरता येते. ते मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये तयार केले.

पण मुकादमाची स्वतःची तयारी आधी हवी. त्याची मूळ प्रणाली अद्ययावत करतात, पायथन भाषा आणि इतर थोडी हत्यारे बसवतात. मग घड्याळ लावतात. घड्याळ कशाला, असे तुम्ही विचाराल. संगणक एकमेकांची ओळख प्रमाणपत्रावरून पटवतात आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. घड्याळ चुकले, तर चांगले प्रमाणपत्रही मुदतबाह्य ठरते आणि दार बंद!

यानंतर येते किल्ली. पूर्वी दूरच्या संगणकाला परवलीचा शब्द उघडाच पाठवीत, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी असे शब्द चोरले. तेव्हा तेथील तातु यिलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ ही सुरक्षित पद्धत रचली. मुकादम या पद्धतीने एक जोडी तयार करतो. तिच्यातला एक भाग कुलपासारखा. तो प्रत्येक संगणकावर लावायचा. दुसरा भाग किल्ली. ती मात्र मुकादमाच्या कनवटीला. कुलूप कितीही जणांनी पाहिले तरी त्यावरून किल्ली घडवता येत नाही. किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरायला साफ नकार देतो. योग्यच आहे, ती किल्ली चोराच्या हाती पडली की हजारही दारे उघडी.

आता हुकूम. ‘टाकीत दहा बादल्या पाणी ओता’ असा हुकूम दोनदा दिला तर टाकी वाहू लागेल. ‘टाकी भरलेली असावी’ असे सांगितले तर? भरलेल्या टाकीला कोणी हात लावणार नाही. अ‍ॅन्सिबलचे हुकूम बहुधा या दुसऱ्या प्रकारचे लिहितात. त्यामुळे काम अर्ध्यावर तुटले तरी तीच यादी पुन्हा निर्धास्तपणे चालवता येते.

मात्र मुकादमाचा हुकूम चुकला, तर चूकही हजार ठिकाणी पोहोचते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियातील अ‍ॅमेझॉनच्या साठवण सेवेत तसेच घडले. एका कर्मचाऱ्याला थोडे सर्व्हर बाजूला काढायचे होते. ठरलेल्या यादीतलाच हुकूम त्याने दिला, पण त्यातली एक नोंद चुकली आणि हवे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. असंख्य संकेतस्थळे चार तासांच्या वर अडखळली. मग कंपनीने ते साधनच बदलले: सर्व्हर हळूहळू निघावेत, आणि किमान गरजेखाली संख्या जाणार असेल तर हुकूम पाळला जाऊ नये.

अ‍ॅन्सिबलमध्येही नाटकासारखी तालीम करता येते. काय काय बदलेल ते मुकादम नुसते सांगतो, प्रत्यक्षात काही बदलत नाही. तालीम ठीक झाली तरी खरे काम आधी पाचच संगणकांवर करायला सांगता येते; ते नीट चालले, की पुढचे पाच.