आधी माउंट विचारा
दुसऱ्या कंपनीच्या टेलिफोटो झूमबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

थंडी पडली की भिगवणला उजाडायच्या आत नावा निघतात. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित, पट्टकदंब, चित्रबलाक बघायला आलेल्या प्रत्येक नावेत दोन-तीन लांबलचक लेन्स असतातच. त्यांतल्या बऱ्याच सिग्माच्या नाहीतर टॅमरॉनच्या असतात. मग शेजारी बसलेला नवा माणूस हमखास विचारतो, "ही कंपनीची नाही ना? चालते का नीट?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहायलाच हवं. अशा लेन्सला लागणारे लाखभर रुपये ही मध्यमवर्गीय घरात सहज बाजूला निघणारी रक्कम नव्हे. ती ऐकीव गोष्टींवर खर्च होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

"कंपनीची नाही" या शब्दांतच पहिली गफलत आहे. टॅमरॉनची सुरुवात १९५० सालची, सिग्माची १९६१ची. दोन्ही जपानी आणि दोन्ही मुख्यतः लेन्सवर जगणाऱ्या. सिग्माचा कारखाना फुकुशिमा प्रांतातल्या आइझु इथे आहे. टॅमरॉनच्या भागभांडवलात सोनीचा मोठा वाटा आहे. सोनीने २०११ मध्ये आपल्या ई माउंटची, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर जिथे बसते त्या जोडणीची, मूलभूत तांत्रिक माहिती इतर उत्पादकांना विनाशुल्क खुली केली. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये मिळून एल माउंटची आघाडी उभारली, त्यामुळे तिथे सिग्मा ही परकी कंपनी नाहीच. निकॉनच्या झेड माउंटसाठी टॅमरॉन २०२२ पासून निकॉनच्या परवान्याने लेन्स बनवते. तेव्हा "डुप्लिकेट माल" हा शब्द या लेन्सना लावणं साफ चूक आहे.

मग ही बदनामी आली कुठून? तिला जुना, खरा आधार आहे. फिल्मच्या काळात लेन्स आणि कॅमेरा यांच्यात काय बोलणं चालतं ते बाहेरच्या कंपन्यांना स्वतः शोधून काढावं लागे. त्यामुळे त्या काळातल्या काही सिग्मा लेन्स पुढच्या कॅनन बॉडींवर चढवल्या की कॅमेरा एरर दाखवून थांबायचा. डीएसएलआरमध्ये आणखी एक दुखणं होतं. फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा आणि चित्र टिपणारा वेगळा, त्यामुळे फोकस केसभर पुढे किंवा मागे पडायचा. पक्ष्याच्या डोळ्याऐवजी शेपटी ठसठशीत यायची. यावर उपाय म्हणून सिग्माने २०१३ मध्ये यूएसबी डॉक आणला आणि पुढे टॅमरॉनने टॅप-इन कन्सोल आणला. घरच्या संगणकाला जोडून लेन्सचा फोकस जुळवता येऊ लागला, आतलं फर्मवेअरही बदलता येऊ लागलं. मिररलेस कॅमेऱ्यात फोकस थेट चित्राच्या सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे ही तक्रार जवळजवळ संपली आहे.

दुसरा गैरसमज उजेडाचा. "या लेन्स अंधाऱ्या असतात, एफ ६.३ला जातात." जातात, हे खरं. पण सोनीची २०१९ची २००-६०० आणि निकॉनची २०२३ची १८०-६०० याही टोकाला एफ ६.३च आहेत. कॅननची आरएफ १००-५०० टोकाला ७.१ होते, तर २००-८०० थेट ९. इथे कारण नावाचं नसून काचेचं आहे. ६०० मिमीला ६.३ने भागा, ९५ मिमी रुंदीची काच लागते. सिग्मा-टॅमरॉनच्या १५०-६०० मिमीच्या लेन्सपैकी बहुतेकांना पुढे ९५ मिमीचाच फिल्टर लागतो, तो या हिशेबातूनच. एफ ४ हवा असेल तर ६००ला ४ने भागा. दीडशे मिमी रुंदीची काच, तीन किलोंहून जास्त वजन, दहा लाखांच्या पुढची किंमत. आपली झूम त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मिळते. बदल्यात सव्वा स्टॉपहून थोडा जास्त उजेड सोडावा लागतो. जिथे एफ ४ला आयएसओ १६०० पुरला असता, तिथे ४०००पर्यंत जावं लागतं. नव्या सेन्सरना हे झेपतं. पावसाळी जंगलात संध्याकाळी साडेपाचला मात्र हा फरक डोळ्यांना दिसतो. तो नाही असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका.

आता मुद्द्याचं. लेन्सवर कोणाचं नाव आहे यापेक्षा आपल्या कॅमेऱ्याचा माउंट कोणता, हे कितीतरी महत्त्वाचं. हा प्रश्न दुकानात सगळ्यात शेवटी येतो, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

सोनीवाल्यांपुढे सर्वांत जास्त पर्याय आहेत. सिग्माची १५०-६०० स्पोर्ट्स आहे, साधारण दोन किलो शंभर ग्रॅमची. टॅमरॉनची १५०-५०० आहे, पायाशिवाय १७२५ ग्रॅमची आणि पाठीवरच्या पिशवीत सहज मावणारी. दोन्ही २०२१च्या. पण दोन कुंपणं आहेत, आणि ती विकत घेण्याआधी माहीत हवीत. ए९ किंवा ए१ सारख्या वेगवान बॉडीवर दुसऱ्या कंपनीच्या लेन्सने सेकंदाला १५च्या वर चित्रं काढता येत नाहीत. शिवाय ई माउंटच्या या लेन्सना टेलिकन्व्हर्टर जोडता येत नाही. सिग्माचे असे कन्व्हर्टर आहेत, पण फक्त एल माउंटसाठी. भोवत्यांच्या झडपेचे क्षण टिपणाऱ्याला वेगाची ही मर्यादा बोचेल. झाडावर बसलेला हळद्या टिपणाऱ्याला तिचा पत्ताही लागणार नाही.

कॅननच्या आरएफ माउंटची गोष्ट उलटी आहे. कॅननने हे दार बराच काळ बंद ठेवलं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनने आरएफसाठी ऑटोफोकस लेन्स जाहीर केल्या, त्या क्रॉप सेन्सरच्या छोट्या लेन्स होत्या. १५०-६०० त्यांत नव्हती. त्यामुळे आर मालिकेचा कॅमेरा असलेल्यांपुढे खात्रीचा मार्ग म्हणजे जुन्या ईएफ माउंटची १५०-६०० आणि कॅननचा अ‍ॅडॉप्टर. हा मार्ग चालतो, अनेकजण वर्षानुवर्षं वापरत आहेत. फक्त लेन्सचं फर्मवेअर ताजं असल्याची खात्री करा. निकॉनच्या जुन्या एफ माउंटची लेन्स एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर लावणाऱ्यांनाही हेच लागू.

"सिग्माची १५०-६०० दोन प्रकारांत येते, महागडी तीच चांगली," हेही ऐकतो. डीएसएलआरसाठी २०१४ मध्ये जाहीर झालेल्या त्या दोन लेन्सपैकी कंटेम्पररी १९३० ग्रॅमची, स्पोर्ट्स २८६० ग्रॅमची. जवळजवळ एक किलोचा फरक! स्पोर्ट्सला धूळ आणि तुषारांपासून सगळीकडे संरक्षण आहे, कंटेम्पररीला फक्त माउंटपाशी रबर आहे. ताडोब्याच्या उन्हाळी धुळीत स्पोर्ट्सचा उपयोग होतो. सासवडच्या माळरानावर दिवसभर हातात लेन्स धरून फिरणाऱ्याचा खांदा मात्र दुपारपर्यंत उतरतो, आणि उतरलेल्या खांद्याने काढलेलं चित्र हलतं. त्याने हलकीच घ्यावी. आणि हो, ताडोब्यात वाघ जिप्सीच्या जवळ आला तर ६०० मिमीत त्याचा नुसता कान मावतो. फक्त व्याघ्रदर्शनासाठी १००-४०० पुष्कळ.

क्रॉप सेन्सरबद्दल एकच वाक्य पुरे. ६००ची लेन्स त्यावर ९०० होत नाही, चित्राचा मधला भाग तेवढा कापून घेतला जातो.

"स्टॅबिलायझर आहे, मग शटर कमी ठेवलं तरी चालतं." बसलेल्या घुबडासाठी चालेल. स्टॅबिलायझर आपल्या हाताचा थरकाप सावरतो, पक्ष्याच्या पंखांचा वेग त्याच्या आवाक्याबाहेर आहे. उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंद द्या, आयएसओ वाढला तरी वाढू द्या.

आणि ज्या दोषाचं खापर लेन्सवर सर्वांत जास्त फुटतं, तो दोष मुळात लेन्सचा नसतोच. सकाळी दहा वाजले, पाणी आणि चिखल तापले, की जमिनीलगतची हवा थरथरू लागते. डांबरी रस्त्यावर दुपारी दिसतात त्याच झळा. ८० मीटरवरच्या रोहिताचं चित्र त्यातून लिबलिबीत येतं. लेन्स एक लाखाची असो वा चौदा लाखांची, हवा दोघींना सारखीच आडवी येते. मी स्वतः पहिल्या वर्षी अशी चित्रं पाहून लेन्स विकायला काढली होती. एका जाणत्या नावाड्याने सांगितलं, "दादा, साडेसातला या, आणि नाव अजून जवळ घेऊ." त्याच लेन्सने मग पिसन् पीस आलं. अंतर कमी करणं आणि लवकर पोहोचणं याला पर्याय नाही. मात्र जवळ जाताना थवा उडणार नाही याची काळजी हवी. चित्रापेक्षा पक्ष्याची विश्रांती मोठी.

वॉरंटीची भीतीही अकारण घातली जाते. लेन्सची वॉरंटी लेन्स बनवणाऱ्याची, बॉडीची बॉडी बनवणाऱ्याची. धोका आहे तो बिलाशिवाय आलेल्या परदेशी मालात. दहा-पंधरा हजार वाचतात, पण बिघाड झाला की भारतातली अधिकृत सेवा हात वर करू शकते. बिल आणि भारतातलं वॉरंटी कार्ड मागून घ्या. कोकणात आणि मुंबईत बुरशीचीही चिंता करा. ती ब्रँड बघत नाही. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. ड्राय कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल एवढंही पुरतं.

पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने मिळते. मनात भरलेली लेन्स एका शनिवार-रविवारसाठी घ्या, स्वतःच्याच बॉडीवर चढवा. पहाटे वीस मीटरवरच्या खंड्याची शंभर चित्रं काढा, काही ६००ला, काही ४००ला. घरी येऊन पक्ष्याचा डोळा पडद्यावर मोठा करून बघा. शंभरातल्या साठ-सत्तर चित्रांत डोळा स्वच्छ असेल, तर ती लेन्स निःशंक घ्या.