वेळेवर काम, ठरलेले इनाम

चाँदरात उलटून गेल्यावर आलेला माल कितीही उत्तम असो, तो गोदामातच पडून राहतो, हे आम्हा कापडवाल्यांना कोणी शिकवायला नको. वेळेलाही किंमत असते. ती आधीच कागदावर कशी मांडावी, हे अमेरिकेतील एका रस्त्याच्या कामातून शिकण्यासारखे आहे.

१७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिस परिसरात भूकंप झाला आणि सांता मोनिका महामार्गाचे पूल कोसळले. रस्ता बंद राहिल्याने रोज १० लाख डॉलरहून अधिक नुकसान होते, असा सरकारी अंदाज होता. म्हणून करार झाला तो असा : काम १४० दिवसांत पुरे करावे. आधी झाल्यास दर दिवसामागे २ लाख डॉलर इनाम, उशीर झाल्यास तेवढाच दंड. सी. सी. मायर्स या ठेकेदाराने रात्रंदिवस पाळ्या लावून ६६ दिवसांत काम संपवले. इनाम मिळाले १ कोटी ४८ लाख डॉलर, म्हणजे जवळजवळ मूळ ठेक्याइतके! तरी सौदा महाग पडला नाही. ७४ दिवसांचे वाचलेले नुकसान ७ कोटी डॉलरच्या वर जाते.

२००७ साली ओकलंडजवळ टँकरच्या आगीत पूल कोसळला, तेव्हा याच ठेकेदाराने इनामाच्या भरवशावर अवघ्या ८,६७,०७५ डॉलरची बोली लावली. एका महिन्याच्या आत रस्ता खुला झाला आणि ५० लाख डॉलरचे पूर्ण इनाम पदरात पडले.

आपल्याकडेही महामार्गांच्या करारांत दंड व बोनसची कलमे असतात. तरी मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ मध्ये सुरू झालेले रुंदीकरण दशकाहून अधिक काळ रखडले. जमीनच ताब्यात नसेल तर इनाम काय करणार? लॉस एंजेलिसला जागा सरकारच्या हातात होती.

इथेच आमचीही चूक आहे. आम्ही कारागिराला कापड उशिरा देतो, आणि शिलाई लांबली की मजुरी कापतो. लवकर काम दिले म्हणून दोन पैसे जास्त मात्र क्वचितच देतो. शरीयतमध्ये ‘जुआला’ हा करार आहे : काम पुरे करील त्याला ठरलेले इनाम. तेव्हा येत्या हंगामापूर्वी वायदा लेखी करावा, कच्चा माल वेळेवर द्यावा, काम तपासून घ्यावे आणि इनाम त्याच दिवशी रोख चुकते करावे. दंड कापणाऱ्या हाताला इनाम देण्याचीही सवय हवी. बरकत त्यातच आहे.